दुसरा आवाज: मांडोच्या हुरहुरीविषयी

मराठी माणसाला एका सुरात गाण्याची सवय आहे. आमच्या पारनेर तालुक्यातील पिंपळनेर हे संत निळोबारायांचे गाव. तेथील दिंडी निघाली म्हणजे शंभर कंठांतून एकच चाल उमटते. कुणी ती खालच्या पट्टीत धरतो, कुणी वरच्या. पण चाल एकच राहते आणि तिच्या एकपणातच त्या भजनाचे बळ असते. जात्यावर बसलेल्या दोघी बाया ओवी गातात तेव्हाही हीच रीत. एकीने ओवी घालायची, दुसरीने तिचा शेवट उचलायचा. दोघी एकाच वेळी निरनिराळे स्वर लावत नाहीत. मूळचे फ्रेंच व पुढे पुण्याचेच झालेले गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील कितीतरी ओव्या माहेरच्या ओढीच्या आहेत. विरह आपल्याकडे पुष्कळ गाइला गेला. परंतु तो एकटीने गाइला किंवा सर्वांनी मिळून एकाच चालीत गाइला.

आपल्या शेजारी गोव्यात मात्र विरहाचे एक गाणे असे आहे की जे एकट्याला पुरतेपणी गाताच येत नाही. त्याचे नाव मांडो. तो किमान दोन आवाजांत गातात आणि ते दोन आवाज एकाच वेळी, हातात हात घातल्यासारखे, परंतु निरनिराळ्या स्वरांवरून चालतात. आमच्या नगर-नाशिककडील वाचकांपैकी अनेकांनी मांडो ऐकलेला नसेल. ‘बॉबी’ हा चित्रपट १९७३ साली आला, त्यातील एका गाजलेल्या गाण्याच्या चालीवरून गोव्याच्या कॅथलिकांचे गाणे आपल्याला ठाऊक आहे अशी पुष्कळांची समजूत असते. ती चाल देखणी नावाच्या प्रकारातील एका जुन्या कोंकणी गीतावरून आलेली आहे. देखणी नाचरी, चपळ. मांडो तिच्याहून फार निराळा: संथ, जड पावलांचा, सहा मात्रांच्या हेलकाव्यावर चालणारा, आणि बहुधा प्रीतीविषयीचा.

असे दोन-तीन आवाजांत बांधलेले प्रेमगीत कानी पडले म्हणजे ऐकणाऱ्याला काहीतरी हरवल्यासारखे वाटू लागते. ज्याचे खरोखरच काही हरवले आहे त्याला वाटावे हे समजण्याजोगे आहे; पण ज्याने गोवा पाहिलेला नाही, ज्याला कोंकणीचा शब्दही कळत नाही, त्यालाही तसे का वाटावे? या प्रश्नाचा माग काढता काढता आम्ही गोव्याच्या चर्चशाळेपासून अमेरिकेतल्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत जाऊन पोहोचलो. तो प्रवास वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी थोडे गायनाच्या अंगाने. मुख्य आवाज ग, म, प असा चढत असेल तर दुसरा आवाज त्याच वेळी सा, रे, ग असा चढतो. दोघांच्या मध्ये नेहमी एक स्वर मोकळा राहतो. कधी ही जोडी उलटी होते. खालचा आवाज गंधारावर असतो आणि वरचा तार षड्जावर जातो, म्हणजे अंतर वाढते पण नाते तेच राहते. षड्ज आणि शुद्ध गंधार यांच्या कंपनांचे प्रमाण चारास पाच असे आहे. पेटीवरचा गंधार या प्रमाणापेक्षा किंचित चढा लावलेला असतो, कारण पेटीला सगळ्याच पट्ट्या सांभाळाव्या लागतात. माणसाच्या गळ्यावर ते बंधन नाही. दोन सरावलेले गळे पेटीवाचून गाऊ लागले की एकमेकांचे ऐकत ऐकत ते आपोआप त्या शुद्ध प्रमाणाशी येऊन ठेपतात, आणि मग दोघांच्या डोक्यावरून एक तिसराच स्वर घुमल्यासारखा वाटतो. तो कुणीही लावलेला नसतो. दोघांपैकी एक थांबला की तोही विरतो.

ही गोष्ट पुस्तकात वाचून पटत नाही, ती गळ्याला शिकावी लागते. आम्ही पुण्यास सेमिनरीत होतो तेव्हा गायनाच्या सरावाला मराठी मुले मुख्य चाल पटकन उचलीत, आणि दुसरा आवाज त्यांच्याकडे आला की चार ओळींत ती शेजाऱ्याच्या चालीत विरघळून जात. गोव्याकडची व मंगळूरकडची मुले मात्र कुणी न सांगता दुसरा आवाज धरीत. जेवणानंतर भांडी विसळताना एकाने काही गुणगुणले की दुसरा सहज खालच्या स्वरातून त्याच्या बरोबरीने चालू लागे. ही देणगी रक्तातली असावी असे तेव्हा आम्हां सर्वांना वाटे. पुढे इतिहास वाचला तेव्हा कळले की ती रक्तातून आलेली नाही, शाळेतून आलेली आहे.

सोळाव्या शतकापासून गोव्यातील चर्चला जोडून धर्मग्रामाची शाळा चालू लागली. तेथील मेस्त मुलांना धर्मशिक्षण व अक्षरओळख देई, आणि त्याबरोबरच स्वरलिपी वाचायला, व्हायोलिन धरायला व आपापल्या आवाजात गायला शिकवी. उद्देश साधा होता. रविवारच्या मिस्सासाठी, सणांसाठी आणि उपवासकाळातील मोटेटसाठी प्रत्येक गावाला आपला गायकवृंद हवा होता. पोर्तुगीज राजवटीने गोव्यावर जे लादले त्याचा हिशेब आम्ही येथे मांडीत नाही. तो मोठा आहे आणि त्यात आनंदाने सांगण्यासारखे थोडेच आहे. परंतु गावागावांत बसून अनामिक मेस्तांनी पिढ्यान् पिढ्या मुलांचे कान घडवले हे त्या हिशेबातले जमेकडचे कलम आहे. हिंदुस्थानात इतरत्र कोठे खेड्यातल्या मुलाला इतक्या नियमितपणे स्वरलिपी शिकवली गेली असेल असे आम्हांस वाटत नाही.

या कानांतून एकोणिसाव्या शतकात मांडो जन्मला. सासष्टी हा त्याचा प्रदेश. कुडतरी, लोटली, बाणावली, मडगाव ही त्याची गावे. लिगोरियो कोश्ता (१८५१–१९१९), आर्नाल्दो द मेनेझिस (१८६३–१९१७), तोर्कातो द फिगेरेदो (१८७६–१९४८) ही त्याच्या रचनाकारांतली ठळक नावे. त्यांपैकी कित्येकांचा पोटापाण्याचा उद्योग गाण्याहून अगदी वेगळा होता. मांडो रचावा तो कुणाच्या तरी लग्नासाठी, कुणाला तरी ऐकवण्यासाठी. साथीला व्हायोलिन आणि घुमट. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे मडके; त्याच्या मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बेकायदा ठरले आणि शेळीच्या कातड्यावर काम भागवावे लागले. लग्नघराच्या दिवाणखान्यात स्त्रिया एका रांगेत व पुरुष समोरच्या रांगेत उभे राहत. स्त्रियांच्या अंगावर जरीकामाचे तोरोप-बाजू, हातात पंखा. रांगा एकमेकींकडे सरकत, जवळ येत, पुन्हा मागे जात. कुणी कुणाला स्पर्श करीत नसे. गाण्यातल्या दोन आवाजांची जी गत, तीच नाचणाऱ्यांची. बरोबरीने चालायचे, पण मधले अंतर राखायचे.

जोझे परेरा आणि मिकाएल मार्तिन्स यांनी आयुष्यभर मांडो गोळा केले. परेरा हे पुढे न्यू यॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात ईशज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांनी मांडोचे विषयवार भाग पाडले आहेत: तळमळीचे, मिलनाचे, विलापाचे, आणि घडलेल्या गोष्टी सांगणारे. शेवटच्या प्रकारात राजकारणही येते. २१ सप्टेंबर १८९० रोजी मडगावला निवडणुकीच्या दिवशी सैनिकांनी लोकांवर गोळ्या झाडल्या, त्यावरही मांडो आहे. मात्र लोकांच्या ओठांवर राहिले ते तळमळीचे व निरोपाचे. ‘अदेऊस’ म्हणून ओळखला जाणारा तोर्कातो द फिगेरेदो यांचा मांडो तर आज गोंयकारांचा कोणताही मेळावा संपताना गातात. अदेऊस म्हणजे निरोप. लग्नात तो गाइला की वधूची आई डोळ्यांना पदर लावते, आणि नाताळच्या संमेलनात गाइला की परदेशी परतणारे पुत्र घसा खाकरू लागतात.

मांडोतील हुरहूर ही नंतर, जुने दिवस आठवून कुणी त्यात भरलेली नाही. ती मुळातच तेथे आहे, कारण ज्या काळात हे गाणे फुलले त्याच काळात त्याचे गाव रिकामे होत होते. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. त्याने गोव्यातले मीठ इंग्रजांच्या मक्त्याखाली गेले, अबकारीचे नियम बदलले, आणि मिठागरांवर व माडांवर जगणारी कित्येक घरे बसली. रेल्वे आली ती माल घेऊन येण्यासाठी. ती माणसे घेऊन गेली. मुंबई, कराची, पूर्व आफ्रिका, आगबोटींवरील स्वयंपाकघरे आणि वाद्यवृंद अशी माणसे पांगली. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावागावांचे कुड उभे राहिले. एका खोलीत वीस-तीस पुरुषांच्या पेट्या, भिंतीवर गावच्या संताची तसबीर, संध्याकाळी सामुदायिक रोझरी. मुंबईतील गिरणगावात पारनेर-जुन्नरकडच्या आपल्या माणसांच्या ज्या खोल्या होत्या त्यांचेच हे सासष्टीचे रूप. आपल्या माणसांनी तेथे भजनी मंडळे काढली, गोंयकारांनी गाणी व नाटके. पहिला तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी झाला तो गोव्यात नव्हे, मुंबईत. पुढे त्याच तियात्राच्या रंगमंचावर दोघांची, तिघांची जोडगाणी रुजली आणि कन्सेप्शन-नेल्सन-अँथनी या त्रिकुटाची गाणी ऐकायला लोक पडदा उघडण्याची वाट पाहत बसू लागले.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. मांडोवर जे लिहिले जाते ते बहुतेक डोळ्यांत पाणी आणून लिहिले जाते: जुनी घरे, झुंबरे, शिंपल्यांच्या खिडक्या, चांदणे, पियानो. हे सर्व होते. पण तो दिवाणखाना भाटकाराचा होता. मांडो हे सासष्टीच्या ब्राह्मण आणि चारडो कॅथलिकांच्या घरांतले गाणे. बाप्तिस्म्याने त्यांची जात गेली नव्हती. त्यांच्या भाटात राबणारा मुंडकार आणि त्याची बायको लग्नाच्या रात्री असत त्या परसात, भांड्यांपाशी. गाणे त्यांनाही ऐकू येत असणार, परंतु समोरासमोरच्या त्या दोन रांगांत त्यांना जागा नव्हती.

हे आम्ही कुणाला उणे लेखण्यासाठी लिहीत नाही. आमच्या भागातील धर्मग्रामांचा इतिहासच आम्हांस ते विसरू देत नाही. ज्या १८७८ साली तो करार झाला, त्याच सालच्या सुमारास आमच्या नगर जिल्ह्यात दुष्काळाने मोडलेल्या माणसांत जेझुइट धर्मगुरूंचे काम सुरू झाले. गावकुसाबाहेर राहणारे आमचे पूर्वज, ज्यांना गावच्या आडावर पाणी मिळत नव्हते, ते ख्रिस्तसभेत आले. त्यांनी कोणताही दिवाणखाना मागे सोडला नव्हता. त्यांच्यापाशी होते ते भजन, हलगी, डफ आणि जात्यावरची ओवी. धर्मगुरू परके होते, तरी त्यांना लोकांची भाषा शिकण्याची बुद्धी झाली. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ मासिक सुरू केले ते मराठीत. त्याच सुमारास नगरला प्रोटेस्टंट मंडळीत रेव्हरंड ना. वा. टिळक देशी चालींत ख्रिस्तभक्तीची पदे रचीत होते, आणि ती पदे पुढे पंथांच्या भिंती ओलांडून आमच्याही चर्चमध्ये आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकांच्या स्वतःच्या संगीताला मानाचे स्थान दिले, तेव्हा मराठी धर्मग्रामांना फार शोधाशोध करावी लागली नाही. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला १९४९ पासून लोटणारा समुदाय आजही एका सुरातच गातो आणि तेच त्याला शोभते. तेथे चार आवाजांचा वृंद उभा करावा असे आम्ही सुचवणार नाही.

मग मांडोची हुरहूर आपल्याला आपली का वाटावी? हा प्रश्न केवळ आपल्यापुरता नाही. सातासमुद्रापलीकडे तो तितकाच टोचणारा आहे. अमेरिकेत ‘बार्बरशॉप’ नावाचे चार आवाजांचे गाणे आहे. चार पुरुष, साथीला वाद्य नाही, प्रेमाची साधी गीते, आणि आवाज एकमेकांच्या इतके निकट की त्यांतून वर सांगितलेला तो न गाइलेला स्वर घुमावा. १९३८ साली ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथे ओवेन कॅश आणि रूपर्ट हॉल या दोघांनी ते जपण्यासाठी संस्था काढली. जपण्यासाठी, म्हणजे ते लोपत चालले आहे असे मानूनच. गोऱ्या माणसांचे जुने, निष्पाप, छोट्या गावांतले दिवस त्यांना त्यात दिसत. आणि त्या संस्थेत काळ्या वर्णाच्या माणसाला १९६३ पर्यंत प्रवेश नव्हता. पुढे संशोधकांनी दाखवून दिले की हे गाणे घडवण्यात मोठा वाटा दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांचाच होता. न्हाव्याचे दुकान ही त्यांची बसायची जागा होती. ज्यांचे गाणे त्यांनाच दाराबाहेर ठेवून गाण्याची आठवण काढली जात होती.

ओहायो राज्यातल्या पिक्वा गावचे मिल्स बंधू हे याच समाजातले. बाप जॉन मिल्स न्हावी, स्वतः चौकडीत गाणारा. चार मुलांनी आवाजांची अशी गुंफण केली की १९३० नंतरच्या दशकात ती जगभर ऐकली गेली. १९३६ साली खर्जाचा आवाज गाणारा मुलगा वारला. तेव्हा त्याच्या जागी उभा राहिला तो त्यांचा बाप, आणि त्याने मुलाचा आवाज पुढे कित्येक वर्षे गाइला. चौकडीतील एक जागा रिकामी ठेवून गाणे होत नाही हे त्या न्हाव्याला कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

बर्लिनमध्ये १९२७-२८ च्या सुमारास हॅरी फ्रोमरमान याने जमवलेल्या ‘कॉमेडियन हार्मनिस्ट्स’ यांची कथा याहून कडू आहे. पाच गायक आणि एक पियानोवादक. त्यांतले तिघे ज्यू वंशाचे. १९३५ मध्ये नात्सी राजवटीने त्यांना एकत्र गाण्यास बंदी केली. तिघे व्हिएन्नाला गेले, तिघे जर्मनीत राहिले. दोन्हीकडच्या तिघांनी नवे सोबती मिळवून पुन्हा वृंद बांधले आणि दोन्हीही काही वर्षांत मोडले. मूळचे सहा जण पुन्हा कधी एकत्र गाइले नाहीत. एकट्याच्या गायनाला राजवट तुरुंगात घालू शकते, पण गळा त्याच्यापाशीच राहतो. सहा आवाजांचे गाणे मोडायला मात्र तीन माणसांना सरहद्दीपार घालवणे पुरेसे होते.

या उदाहरणांवरून आम्हांस असे दिसते की निकट स्वरांच्या गाण्यातली ओढ दिवाणखान्याविषयीची नाही आणि जुन्या दिवसांविषयीचीही नाही. ती दुसऱ्या आवाजाविषयीची आहे. एकट्याने मांडो गुणगुणणाऱ्या माणसाला मुख्य चाल येते, शब्द येतात, तरी गाणे अर्धेच राहते. शेजारची जागा रिकामी आहे हे त्याला प्रत्येक ओळीत ऐकू येते. कराचीच्या किंवा नैरोबीच्या खोलीत बसलेल्या गोंयकाराला हेच ऐकू आले असणार. भाटकाराचे घर आठवून रडणारे थोडे. बरोबर गाणारी बहीण आठवून रडणारे पुष्कळ. आणि बहीण काही केवळ भाटकारालाच नसते.

म्हणून मांडोचा दिवाणखाना मोडला याचे आम्हांस फारसे दुःख वाटत नाही. १९६१ नंतर कुळकायदे आले, मुंडकाराला घराचा हक्क मिळाला, हे न्याय्यच झाले. आणि दिवाणखान्याबरोबर ती विद्याही बुडाली असे नाही, कारण ती कधीच केवळ दिवाणखान्याची नव्हती. शाळेच्या बाकावर भाटकाराच्या मुलाशेजारी गरिबाचा मुलगाही स्वरलिपी वाचायला शिकला होता आणि पोटासाठी बाहेर पडला तो बहुधा तोच. सेबास्तियान डिसूझा (१९०६–१९९६) यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना दोन दशकांहून अधिक काळ केली. लता मंगेशकरांच्या आवाजामागून व्हायोलिनांची जी दुसरी चाल वाहताना ऐकू येते, ती रचण्याचे कसब त्यांचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे चर्चच्या गायकवृंद-शिक्षकाचे पुत्र. ते कोवळ्या वयात मुंबईस आले आणि त्यांच्यापाशी व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील एका विनोदी गाण्यात गुरूचे नाव अमर करून ठेवले. ते गाणे लोक हसत हसत ऐकतात. त्यातला अँथनी गोन्साल्विस हा कुणी खरा माणूस होता हे थोड्यांनाच ठाऊक आहे. पारनेरच्या एस.टी. स्टँडवर चहा पिताना रेडिओवरून जुने गाणे ऐकणारा शेतकरी नकळत सासष्टीच्या मेस्ताची शिकवण ऐकत असतो.

आज गोव्यात मांडोचे महोत्सव भरतात, स्पर्धा होतात, शाळकरी मुलांचे गट बक्षिसे घेऊन जातात. घुमटाला २०१९ मध्ये राज्याने वारसावाद्याचा मान दिला. मार्तिन्स आणि परेरा यांचे संग्रह छापून आले आहेत. हे सर्व चांगले आहे, आणि स्पर्धेतला मांडो स्पर्धेसारखा वाटतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. घरात गाणारे उरले नसतील तर मंचावर तरी गावे. आम्हांस काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची, आणि ती गोव्यापेक्षा आपल्याकडे अधिक दिसते. चर्चच्या गायनात आता विद्युत कीबोर्ड आला आहे. एक बोट दाबले की तो स्वतःच तीन स्वर एकत्र वाजवतो, ठेकाही देतो. मग गायकवृंदातल्या मुलांनी दुसरा आवाज शिकण्याचे कारण उरत नाही. सगळी मुख्य चाल गातात, मोठ्याने गातात, आणि ध्वनिवर्धकाच्या जवळ जो उभा त्याचाच आवाज घरोघर जातो. एका सुरातले भजन निराळे. त्यात शंभर माणसे असतात. येथे एक माणूस आणि एक यंत्र असते.

दोन वर्षांपूर्वी पारनेर तालुक्यातील एका खेड्यात लग्न लागले. वर आमच्या भागातला, मुंबईत नोकरीला. वधू मुंबईतच वाढलेल्या गोंयकार घराण्यातली. मांडवात आपले सर्व काही यथासांग झाले: हळद, हलगी, जेवणावळ, आणि ध्वनिवर्धकावरून कानठळ्या बसवणारी गाणी. पाठवणीच्या वेळेला वीज गेली. ती येईपर्यंत काय करावे म्हणून सर्व जण उभे असता वधूच्या दोन मावश्या, दोघीही साठीच्या पुढच्या, मांडवाच्या खांबाला टेकून अदेऊस गाऊ लागल्या. व्हायोलिन नव्हते, घुमट नव्हते. एकीने चाल धरली, दुसरी तिच्या खालून निघाली. मांडवातला गलबला हळूहळू बसला. वराकडच्या म्हाताऱ्या बाया पुढे सरकल्या. त्यांना शब्द कळत नव्हते. त्यांतल्या एकीने नंतर आम्हांस सांगितले ते असे की, एक बाई लेकीला जा म्हणत होती आणि दुसरी त्याच वेळेला थांब म्हणत होती, एवढे तिला उमगले. संगीताच्या कोणत्याही पुस्तकात दोन आवाजांच्या गाण्याचे इतके नेमके वर्णन आमच्या वाचनात आलेले नाही. ती बाई कधी शाळेत गेलेली नाही. जात्यावर मात्र तिने जन्म काढला आहे.

मांडो संपला की त्याला लागून दुलपद म्हणायची चाल आहे. दुलपद जलद असते, त्यात प्रीतीची तळमळ नसते. गावातली थट्टा, मासळी, शेजारपाजार असे काहीबाही असते. दोघी मावश्यांनी डोळे पुसले आणि लगोलग दुलपद सुरू केले. दोन आवाज तसेच, फक्त पावले वेगळी. हलगीवाला पोरगा बाजूला विडी ओढत उभा होता. त्याने दोन ओळी ऐकून घेतल्या, हलगी जाळावर धरून तापवली, आणि तिसऱ्या ओळीला तो सहा मात्रांचा ठेका अचूक पकडला. वीज आल्यावरही बराच वेळ कुणी ध्वनिवर्धक लावला नाही.